म्हावऱ्याविना महिना

वरळी किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेल्या कोळीवाड्याला पावसाळ्यात दोन पंचांगं सांभाळावी लागतात. एक दर्याचं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. होड्या किनाऱ्याला, जाळी दुरुस्तीला, आणि घरात आगोटीला भरून ठेवलेले सुके बोंबील, जवळा, सोडे. दुसरं पंचांग देवघरातलं. आषाढी अमावास्येचे दिवे उजळले, गटारीचा धुरळा खाली बसला, की श्रावण लागतो आणि पाळणाऱ्यांच्या घरी वशाट बंद होतं. ही दोन पंचांगं एकमेकांना धरून चालतात असा सर्वसाधारण समज आहे. पावसात मासे मिळत नाहीत, त्यांची वीण चालू असते, म्हणून शहाण्या पूर्वजांनी श्रावणात मासे वर्ज्य केले, असं सांगितलं जातं. तारखा मात्र वेगळं बोलतात. श्रावण २०२५ मध्ये २५ जुलैला लागला, २०२४ मध्ये ५ ऑगस्टला, आणि अधिक मास आल्यामुळे २०२३ चा निज श्रावण थेट १७ ऑगस्टला. बंदीचे दिवस बहुतांशी ज्येष्ठ-आषाढात सरतात. श्रावण येतो तो होड्या पाण्यात उतरायच्या सुमाराला. नारळी पौर्णिमा तर श्रावणाच्या ऐन मध्यावर. दर्याला नारळ वाहायचा, हंगामाचं पहिलं ताजं म्हावरं बंदरावर उतरवायचं, ते दिवसभर कापून विकायचं, आणि संध्याकाळी स्वतःच्या ताटात वालाचं बिरडं घ्यायचं, असा हा पाळणाऱ्या घरांचा विलक्षण पंधरवडा असतो. टंचाईमुळे सोडलेलं अन्न आणि भरल्या टोपलीसमोर बसून सोडलेलं अन्न यांत जो फरक आहे, तो इथे उघड दिसतो.

त्यामुळेच एका मोठ्या प्रश्नाचा आढावा घ्यायला हा कोळीवाडा सोयीची जागा आहे. श्रद्धेपोटी काही काळ मांस-मासे सोडून वनस्पतींवर राहिलं तर प्रकृती सुधारते का, आणि रूप उजळतं का? दोन्ही बाजूंची उत्तरं तयार असतात. एका बाजूला ‘श्रावणाने रक्त शुद्ध होतं, पोटाला विश्रांती मिळते, चेहऱ्यावर तेज येतं’ अशी ठाम विधानं; दुसऱ्या बाजूला ‘हे सगळे मनाचे खेळ’ अशी तितकीच ठाम वासलात. दोघांचीही नजर एकाच ठिकाणी खिळलेली असते, काय सोडलं याकडे. सोडलेल्या जिनसाच्या जागी ताटात काय आलं, ते किती दिवस राहिलं आणि त्याच्याबरोबर आणखी काय काय सुटलं, हे प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. उपलब्ध पुरावा नीट लावून पाहिला तर उपवासाचा गुण-दोष याच तीन प्रश्नांत सापडतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की मासेखाऊ समाजाचा महिनाभराचा शाकाहार प्रकृतीला मानवतो, पण तो ताट नीट भरलं तरच, आणि तो संपतो म्हणूनच.

आधी शब्द साफ करून घेतले पाहिजेत, कारण ‘उपवास’ या एका शब्दाखाली आपण अनेक वेगळ्या गोष्टी कोंबतो. निर्जळी एकादशी, दिवसातून एकदाच जेवण्याचं एकभुक्त, श्रावणी सोमवारी दिवस मावळल्यावर सोडायचं नक्त, साबुदाणा-बटाट्याचा फराळी उपवास, सोमवार-गुरुवार-शनिवार असे ‘वार’ पाळणं, महिनाभर नुसतं वशाट वर्ज्य करणं, आणि तुळशीची माळ घालून ते कायमचं सोडणं. यांत शरीरावर होणारे परिणाम सारखे असण्याचं काहीच कारण नाही. पहिल्या तिघांत प्रश्न वेळेचा आहे, बाकीच्यांत जिनसांचा. शिवाय आपला बहुतेक उपवास शाकाहारी असला तरी निव्वळ वनस्पतींवरचा कधीच नसतो. दूध, दही, तूप, खवा यांना उपवासात बंदी तर नाहीच, उलट मान आहे. शास्त्र आणि चाल यांचंही नेहमी जमत नाही. चातुर्मासाच्या जुन्या व्रतनियमांत श्रावणात पालेभाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल धान्य वर्ज्य सांगितलं आहे. प्रत्यक्षात मराठी माणूस वर्षातली सर्वांत जास्त आणि सर्वांत नाना तऱ्हेची पालेभाजी खातो ती श्रावणातच. पोथीतला नियम मागे पडला आणि पावसाने रानात जे उगवलं ते पुढे आलं. प्रकृतीच्या दृष्टीने हा बदल उत्तमच झाला. पण त्यामुळे ‘पूर्वजांनी सगळं शास्त्र जाणूनच ठरवलं होतं’ हा मुद्दा लंगडा पडतो. रूढी शहाणी असते ती बदलत राहिल्यामुळे.

श्रद्धेच्या उपवासावरचा सर्वांत नेटका अभ्यास आपल्याकडचा नाही, ग्रीसमधल्या क्रीट बेटावरचा आहे. ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती वर्षातले १८० ते २०० दिवस उपवास पाळतात. नाताळापूर्वीचे ४० दिवस, ईस्टरपूर्वीचे ४८, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातले १५, आणि वर्षभर बुधवार-शुक्रवार. या दिवसांत मांस, अंडी, दूध बंद आणि बहुतेक दिवशी मासळीही बंद. कोळंबी, माकुल अशा बिनरक्ताच्या मानलेल्या जीवांना मात्र मोकळीक. वार पाळणारा, पंधरवडा पाळणारा हा समुद्रकाठचा समाज आपल्या कोळीवाड्याला अगदीच परका वाटू नये. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १२० प्रौढ माणसं वर्षभर तपासली गेली. ६० उपवास करणारी, ६० न करणारी. उपवासाच्या काळाअखेर पाळणाऱ्यांचं एकूण कोलेस्टेरॉल साडेबारा टक्क्यांनी आणि घातक समजलं जाणारं एलडीएल सुमारे १६ टक्क्यांनी उतरलेलं आढळलं. वजनातही थोडी घट होती. हे आकडे लहान नाहीत. पण त्याच अभ्यासातली पुढची ओळ तितकीच महत्त्वाची आहे, की उपवास संपून नेहमीचं खाणं सुरू झाल्यावर ही घसरण बरीचशी भरून निघाली. शरीराला व्रताचं पुण्य साठवता येत नाही. ते चालू खात्यासारखं वागतं, भरलं तेवढंच दिसतं.

दुसरा बहुचर्चित अभ्यास अमेरिकेतल्या मेम्फिसचा, २०१० चा. बायबलमधल्या दानिएलाच्या कथेवरून घेतलेला २१ दिवसांचा ‘दानिएल उपवास’ ४३ जणांनी केला. फळं, भाज्या, कडधान्यं, अख्खी धान्यं, दाणे-बिया हवं तेवढं खायचं. प्राणिज पदार्थ, साखर, मैदा, तळण, चहा-कॉफी आणि दारू बंद. तीन आठवड्यांत सरासरी कोलेस्टेरॉल १७१ वरून १३९ वर आलं, रक्तदाबही उतरला. इथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, हितकारक मानलं जाणारं एचडीएलही ५६ वरून ४८ च्या आसपास खाली आलं. म्हणजे सगळीच घट कौतुकाची नव्हती. दोन, तुलनेसाठी उपवास न करणारा गट घेतलेला नव्हता, आणि मांसाबरोबर साखर, मैदा, तळण, दारू हे सारंच एकदम सुटलं होतं. फायदा मांस सोडल्याचा, की बाकीच्या चौघांना रजा दिल्याचा, हे त्या आकड्यांतून सांगता येत नाही. आपल्याकडचे श्रावणाचे गोडवे ऐकताना हीच शंका मनात ठेवायला हवी.

कारण कोळीवाड्यात काय किंवा लालबाग-परळच्या चाळीत काय, ‘मी श्रावण पाळतो’ या वाक्याचा अर्थ केवळ ‘मी मासे खात नाही’ असा नसतो. पुरुषांच्या तोंडी त्याचा निम्मा अर्थ ‘मी महिनाभर घेत नाही’ असा असतो. गटारी हा शब्दच त्याची साक्ष देतो. रोज संध्याकाळी पिणाऱ्या माणसाने तीस दिवस दारू सोडली तर त्याची झोप सुधारते, रक्तदाब उतरतो, यकृतावरची चरबी कमी होऊ लागते, चेहऱ्यावरची सूज आणि लाली ओसरते. घरच्यांना दिसणारं ‘श्रावणाचं तेज’ अनेकदा याच कारणाने आलेलं असतं, आणि त्याचं श्रेय भोपळ्याच्या भाजीला मिळतं. दुसरी गोष्ट मिठाची. श्रावण ज्या खाण्याला खंड पाडतो ते ताज्या बांगड्याचं कालवण असेलच असं नाही. त्याच्या आधीचे दोन महिने सुक्या आणि खारवलेल्या मासळीवर काढलेले असतात. उन्हात वाळवलेला बोंबील निराळा आणि मिठात मुरवलेला बांगडा निराळा, पण एकूण त्या दिवसांत मीठ पोटात जास्त जातं. रक्तदाब असलेल्याला श्रावणात बरं वाटण्यामागे हेही कारण असू शकतं. म्हणून ‘मासे सोडल्याचा गुण आला’ असं म्हणण्यापूर्वी कोणते मासे, कशात मुरवलेले आणि कशाबरोबर खाल्लेले, हे विचारावं लागतं.

आता रिकाम्या जागी काय येतं ते पाहू. सर्वांत वाईट उत्तर आपण सर्वांत आवडीने खातो. साबुदाणा हा कसाव्याच्या कंदापासून काढलेला जवळजवळ शुद्ध स्टार्च आहे. त्याचं आपल्याकडचं मोठं केंद्र तमिळनाडूतलं सेलम. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नसतात. खिचडीला जी काही पुष्टी असते ती दाण्याच्या कुटाची. कसावा, बटाटा, रताळं, शेंगदाणा आणि हिरवी मिरची ही पाचही मंडळी अमेरिका खंडातली. पोर्तुगिजांची गलबतं पश्चिम किनाऱ्याला लागल्यानंतर ती आपल्याकडे आली. व्रतांचे नियम लिहिणाऱ्यांनी ती पाहिलीही नव्हती. नियमात धान्य वर्ज्य होतं आणि ही धान्यं नव्हती, एवढ्या पळवाटेतून त्यांनी देवघरात प्रवेश मिळवला. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण समाजाला हे केव्हाच कळलं होतं याचा पुरावा आहे. आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासानुसार देशात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. त्यांतल्या एखाद्याने दिवसभर काही न खाता औषधाची गोळी घेतली तर साखर धोकादायक उतरू शकते, आणि संध्याकाळी खिचडी-बटाट्यावर उपवास सोडला तर ती उसळी मारते. वरी आणि राजगिरा यांची गोष्ट बरी आहे. राजगिऱ्यात शंभर ग्रॅमला १३-१४ ग्रॅम प्रथिनं असतात आणि धान्यांत कमी पडणारं लायसिनही. पण ओल धरलेल्या वरीच्या, म्हणजे भगरीच्या, पिठात बुरशी वाढून विषबाधा होते, आणि अशा बातम्या महाराष्ट्रात नवरात्र-महाशिवरात्रीला पुन्हा पुन्हा येतात. पवित्र मानलेलं अन्न निर्धोक असतंच असं नाही.

सर्वांत चांगलं उत्तरही आपल्याच स्वयंपाकघरात आहे, फक्त त्याला कुणी उपवासाचं म्हणत नाही. महिनाभर वशाट बंद असलं तरी रोज फराळ नसतो. रोजचं जेवण असतं, आणि श्रावणातलं हे जेवण वर्षातलं सर्वांत समृद्ध शाकाहारी जेवण आहे. भिजवून, मोड आणून, सोललेल्या वालांचं बिरडं, मुगाची-मटकीची उसळ, अळूचं फदफदं, लाल माठ, शेवग्याचा पाला. आणि दादरच्या बाजारात पावसाळ्यात आदिवासी बायका पाट्यांतून आणतात तो टाकळा, कुर्डू, भारंगी, कर्टुली. मोड आणल्याने कडधान्यातलं लोह आणि जस्त अडवून धरणारं फायटेट कमी होतं आणि क जीवनसत्त्व वाढतं. लिंबू पिळलं तर वनस्पतीतलं लोह अधिक शोषलं जातं. अळू नीट शिजवून आंबट घालण्यामागे घशाची खाज टाळण्याचा साधा व्यवहार आहे. या ताटात तंतू भरपूर, पोटॅशियम भरपूर, मीठ आटोक्यात आणि प्रथिनं कडधान्यांतून आलेली. क्रीट किंवा मेम्फिसमध्ये ज्या आहाराने कोलेस्टेरॉल उतरलं त्याच्या जवळ जाणारं मराठी ताट हेच. खिचडीची बशी त्याच्या आसपासही नाही. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या करणाऱ्या घरांनी तर नकळत तेलालाही एक दिवस सुट्टी दिलेली असते. एकाच श्रद्धेच्या छपराखाली ही दोन्ही ताटं नांदतात. म्हणून ‘उपवासाने फायदा होतो का’ या प्रश्नाला एकच उत्तर देणारा माणूस यांतलं एकच ताट पाहून बोलत असतो.

सौंदर्याचा दावा तपासताना आणखी सावध व्हावं लागतं, कारण तिथे डोळे मनाचं ऐकतात. त्वचेची बाहेरची पेशी नवी होऊन वर यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे तीस दिवसांत फरक दिसणं अशक्य नाही, पण तो जेमतेम दिसू लागण्याची ती वेळ आहे. स्कॉटलंडमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३५ जणांचं फळं-भाज्यांचं प्रमाण सहा आठवडे टिपलं गेलं. ते वाढलं तसा त्वचेत कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा पिवळसर-तांबूस उजाळा मोजता येण्याइतका वाढला आणि पाहणाऱ्यांना तो निरोगी वाटला. मात्र ते बहुतेक गोऱ्या कातडीचे लोक होते. सावळ्या त्वचेवर तोच रंग तितका डोळ्यांत भरेल असं गृहीत धरता येत नाही. ‘उजळणं’ म्हणजे गोरं होणं असा जो अर्थ आपल्याकडे चिकटला आहे, त्याच्याशी तर याचा काडीचाही संबंध नाही. मुरमांचा पुरावा जास्त बोलका आहे. ऑस्ट्रेलियात २००७ साली मुरमं असलेल्या ४३ तरुणांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला. रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ ज्यांनी कमी केले त्यांची मुरमं सरासरी साडेतेवीसने घटली. दुसऱ्या गटाची बाराने. गंमत अशी, की या तरुणांना पांढऱ्या पिठूळ पदार्थांऐवजी जे खायला सांगितलं होतं त्यात मासेही होते. दुसरीकडे दूध आणि मुरमं यांचा संबंध काही निरीक्षणांत आढळला आहे. आता आपला फराळ पाहा. स्टार्च वाढतो, साखर वाढते, दूध-खवा वाढतो आणि मासे जातात. ज्या मुलीने तोंडावरच्या मुरमांसाठी सोमवार धरले असतील तिच्या ताटात शास्त्राने सांगितलेल्याच्या नेमकं उलट घडत असतं.

केसांचं गणित याहून फसवं आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे श्रावणात काय खाल्लं ते श्रावणात केसांवर दिसत नाही. उलट एकदम खाणं तोडलं, प्रथिनं आणि लोह कमी पडलं, तर दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात, हे त्वचारोगतज्ज्ञांना नेहमी दिसणारं चित्र आहे. श्रावण, मग नवरात्राचे नऊ दिवस, मधल्या चतुर्थ्या आणि एकादश्या असं एकामागून एक कडक व्रत करणाऱ्या बाईचे केस दिवाळीनंतर गळू लागले तर ती तेल बदलते. तोवर उपवास विस्मरणात गेलेला असतो. शोध घ्यायचा तर रक्त तपासावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. निम्म्याहून अधिक स्त्रिया ज्या राज्यात फिकट आहेत तिथे तेजाची पहिली पायरी लोह आहे. मासळी-मटणातलं लोह शरीर सहज उचलतं आणि सोबतच्या भाजीतलं लोहही उचलायला मदत करतं. उपवासाला कपावर कप घेतलेला चहा नेमकं उलट करतो.

इथे एक नवा आक्षेप हमखास पुढे येतो. उपवासाने पेशी स्वतःतला कचरा स्वतःच साफ करतात, त्याला नोबेल मिळालं आहे, मग अजून पुरावा कशाला? योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं ते खरं, आणि उपासमारीत पेशी आपलेच जुने भाग मोडून वापरतात हेही खरं. पण त्यांचं मूळ काम यीस्टच्या पेशींवरचं होतं, आणि त्या पेशींना खरोखरच अन्न तोडलं होतं. त्यांना खिचडी आणि केळी दिलेली नव्हती. त्या शोधावरून श्रावणी सोमवाराने सुरकुत्या जातात असं म्हणणं म्हणजे होडीच्या इंजिनावरून म्हावऱ्याची चव ठरवणं. दुसरा आक्षेप जुना आणि अधिक प्रामाणिक आहे. आमच्या आज्या-पणज्यांनी जन्मभर उपवास केले आणि नव्वदीपर्यंत ठणठणीत राहिल्या, मग हे आकडे काय सांगता? त्या राहिल्या यात शंका नाही. पण त्या डोक्यावर पाटी घेऊन मैलोन् मैल चालत होत्या, बैठा दिवस त्यांना ठाऊक नव्हता, आणि उपवासाखेरीजच्या दिवशी त्यांच्या ताटात ताजी मासळी आणि हातसडीचा तांदूळ होता. शिवाय नव्वदीपर्यंत पोचलेली आजी आपल्याला आठवते. बाळंतपणात, रक्तक्षयाने गेलेल्या तिच्या जावा-नणंदा कुणाच्या उदाहरणात येत नाहीत.

सर्वांत वजनदार प्रश्न मात्र उलट दिशेने येतो. एक महिना चांगला, तर बाराही महिने का नको? माळ घालून मासे कायमचे सोडणाऱ्याचा निर्णय श्रद्धेचा आहे आणि त्याला आरोग्याच्या दाखल्याची गरज नाही. पण आरोग्याच्या नावाने तो सल्ला कोळीवाड्याला दिला जातो तेव्हा पुरावा मागितला पाहिजे. अमेरिकेतला सेव्हन्थ-डे ॲडव्हेन्टिस्ट पंथ धर्मश्रद्धेपोटी साधा, बहुतांशी शाकाहारी आहार पाळतो. त्यांच्यातल्या ७७ हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात, २०१५ साली, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं प्रमाण मांसाहाऱ्यांच्या तुलनेत शाकाहाऱ्यांत कमी दिसलं. पण सर्वांत कमी, सुमारे ४३ टक्क्यांनी कमी, दिसलं ते वनस्पतींबरोबर मासे खाणाऱ्यांत. हे निरीक्षण आहे, कार्यकारणाचा शेवटचा शब्द नाही. तरी मासे सोडल्यानेच शरीर निर्मळ होतं या समजुतीला ते मुळीच आधार देत नाही. दुसरा पुरावा आपल्या दारातला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले आणि २००६ साली निष्कर्ष मांडले. ६७ टक्के पुरुषांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. खेड्यात ६८, झोपडपट्टीत ५१ आणि शहरी मध्यमवर्गात तब्बल ८१ टक्के. सर्वांत सुस्थितीतला गट सर्वांत कोरडा निघाला, आणि शाकाहार हे त्याचं मोठं कारण होतं. बी-१२ वनस्पतींत नसतं. मासे, अंडी, मांस, दूध यांतच असतं. यकृतात त्याचा साठा मात्र वर्षानुवर्षं पुरतो. म्हणून अकरा महिने बोंबील-बांगडा खाणाऱ्याला महिनाभराच्या खंडाने काही होत नाही, आणि पिढ्यान् पिढ्या शाकाहारी असलेल्याने आणखी कडक उपवास धरले तर त्याची आधीच रिकामी पेटी आणखी रिकामी होते. व्रत एकच, पण ते कुणी करावं यावर त्याचं फळ बदलतं. श्रावण ज्यांना सर्वांत मानवतो ते हे मासेखाऊ लोकच आहेत.

श्रद्धावंत वाचक एव्हाना वैतागला असेल. उपवास देवासाठी असतो, कोलेस्टेरॉलसाठी नाही, मग हा हिशेब मांडताच कशाला? आक्षेप रास्त आहे आणि तो पूर्ण मान्यही करता येईल, जर उपवासाची जाहिरात तब्येतीच्या आणि तेजाच्या भाषेत होत नसेल तर. पण ती होते. आणि व्रतांच्या कहाण्यांतली फलश्रुती पाहिली तर फळाची भाषा व्रताला नवी नाही. मोजता येण्याजोगं फळ सांगितलं की मोजणाऱ्याला अडवता येत नाही. तरीही श्रद्धेकडे असं काही आहे जे आहारतज्ज्ञाच्या कागदावर उतरत नाही. डॉक्टर ‘कमी खा’ म्हणतो तेव्हा तो तारीख देत नाही, सोबती देत नाही आणि मोडलं तर लाज वाटेल असा साक्षीदारही देत नाही. श्रावण हे तिन्ही देतो. सुरुवात ठरलेली, शेवट ठरलेला, सारी आळी बरोबर, आणि वर कोळीवाड्याच्या गोलफादेवीची नजर. ज्याला दारू सोडायला सांगून डॉक्टर थकले तो माणूस देवाच्या शब्दाखातर तीस दिवस राहतो. क्रीटमधल्या उपवासकऱ्यांचा आकडा उतरला त्यामागेही हीच शिस्त होती; आहार कुणीही लिहून देऊ शकतं, पाळायला भाग पाडणारं कारण लिहून देता येत नाही. श्रद्धेचा वैद्यकीय गुण कुठे असेल तर तो इथे आहे.

त्या शिस्तीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. साथ देणारी आळीच कधी दडपण होते. गरोदर बाई, पाजणारी आई, रक्तक्षयी मुलगी, इन्सुलिन घेणारा म्हातारा यांना व्रतातून सूट देण्याची सोय परंपरेतच आहे. आजारी, बाळ आणि वृद्ध यांना नियम शिथिल असतात हे कोणताही जाणता पुरोहित सांगेल. पण घरात सगळ्यांना वाढून शेवटी जेवणारी, आणि मासे विकायला पहाटे बाहेर पडणारी बाई ती सूट स्वतःसाठी क्वचितच मागते. तिच्यासाठी श्रावणाचा आणखी एक भार असतो. गिऱ्हाइकांनीही वशाट सोडलेलं असतं, त्यामुळे हंगामाच्या तोंडावरच तिच्या टोपलीला उठाव कमी. घरात तिने पाळलेलं व्रत आणि बाजारात इतरांनी पाळलेलं व्रत अशा दोन्हींची झीज तीच सोसते. अशा बाईला ‘तेज येईल’ असं आश्वासन देण्यापेक्षा तिच्या वाट्याला बिरड्याची मोठी वाटी आणि लिंबाची फोड येते का, हे पाहणं जास्त पुण्याचं.

श्रावण अमावास्येला संपतो. लगेच भाद्रपदात गणपती येतो, त्याला उकडीचे मोदक. मागोमाग गौर येते, आणि किनाऱ्यावरच्या कित्येक घरांत तिला तिखटाचा नैवेद्य असतो. म्हावरं, चिंबोरी, मटण. ज्या देवघराने महिनाभर वशाट दाराबाहेर ठेवलं, तेच देवघर ते सन्मानाने आत घेतं. बाहेरून पाहणाऱ्याला यात विसंगती दिसते. आकड्यांच्या बाजूने पाहिलं तर ही शहाणी घडी आहे. यकृतातला बी-१२ चा साठा उतरायच्या आत व्रत सुटतं, आणि वाल-माठ-अळूची सवय झालेल्या ताटात ताजी मासळी परत येते. बारा महिने शाकाहाराचा आग्रह धरणाऱ्याने आणि व्रताला वेडेपणा म्हणणाऱ्याने, दोघांनीही गौरीच्या त्या पानाकडे एकदा पाहावं. त्यात एका बाजूला भाजी असते आणि दुसऱ्या बाजूला म्हावरं, आणि दोन्ही देवीनेच मागितलेलं असतं.